सेवेरिनो मिस्त्रीची चार बोटं

आमच्या काबुलिहानमध्ये परका माणूस ओळखायला फार अक्कल लागत नाही. पोस्टाच्या पायऱ्या चढून जो वर ठेचकाळतो, तो परका. आपण पोचलो असं समजून गडी ऐटीत पाय टाकतो, आणि अगदी वर, खांबांच्या रांगेशी, जेमतेम चार बोटं उंचीची आणखी एक पायरी असते, ती बरोबर त्याच्या अंगठ्याला लागते. गावातला माणूस कडेवर पोर, एका हातात मासळी, दुसऱ्या हातात छत्री घेऊन, मागे वळून कोणाशी भांडत चढला तरी त्याला ती लागायची नाही. पायऱ्यांच्या तळाशी तळलेली केळी विकणारी नेनिता तर माणूस रिक्षातून उतरला की सांगते, हा पडणार.

मी पुरिफिकासियोन. एवढं मोठं नाव घ्यायला कोणाला वेळ आहे, म्हणून पुरिंग. दोन नंबरच्या खिडकीत बसून अडतीस वर्षं तिकिटं विकली, तेव्हा या इमारतीबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि कोणी नाही म्हटलं तरी मी बोलणारच.

इमारत एकोणीसशे एकतीसची. तेव्हा अमेरिकेचं राज्य होतं. मॅनिलाहून नकाशा आला, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून, बोटीने. त्याच्यामागून एक गोरा इंजिनिअर आला. त्याचं नाव गावात कोणाला धड घेता आलं नाही, म्हणून सगळे त्याला 'मिस्टर' म्हणत. समोर चार खांब, इतके जाड की त्यांच्याआड आमच्या गावातली निम्मी लग्नं जमली. आत छत इतकं उंच की साठ साली बसवलेल्या पंख्याचा वारा माझ्या खिडकीपर्यंत कधी पोचलाच नाही; वरचे कोळी मात्र मजेत होते. शिंपल्यांच्या तावदानांच्या सरकत्या खिडक्या, पितळी जाळ्या, आणि दर्शनी भागावर सिमेंटचा गरुड. त्या गरुडाला आम्ही सगळे कोंबडा म्हणतो, कारण तो दिसतोच कोंबड्यासारखा. लढाईत जपान्यांनी आत घोडे बांधले होते. तिसऱ्या खांबाला गोळ्यांची भोकं आहेत, त्यांत बोट घातल्याशिवाय आमच्याकडचं एकही पोर मोठं झालेलं नाही. आणि मोठं वादळ झालं त्या वर्षी नदी चर्चमध्ये शिरून संतांच्या गुडघ्यांना लागली, पण पोस्टात आली नाही. अर्धं गाव पत्रांच्या पोत्यांवर बसून होतं. मीही होते, तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन.

म्हणजे पायऱ्या उंच हव्यात हे मिस्टरचं बरोबरच होतं. चुकला तो आकड्यात. नकाशात बारा पायऱ्या.

आता आमच्याकडे जिना बांधताना मिस्त्री एकेक पायरी मोजतो: सोनं, चांदी, मरण, पुन्हा सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी सोन्यावर आली तर उत्तम, चांदीवर आली तर चालेल. मरणावर आली तर त्या घरात कोणी राहायला जात नाही. कोंबड्यांच्या खुराड्याची शिडीसुद्धा आम्ही मोजून करतो. बारा म्हणजे थेट मरण. मुख्य मिस्त्री होता सेवेरिनो. त्याने मिस्टरला समजावलं, मिस्टर हसला. सेवेरिनोने पुन्हा समजावलं, मिस्टरने नकाशावर बोट आपटलं. मग देवाच्या दयेने मिस्टरला हिवताप भरला आणि तो पंधरा दिवस सेबूच्या इस्पितळात जाऊन पडला. परत आला तेव्हा अख्ख्या व्हरांड्यावर चार बोटांचा सिमेंटचा थर चढला होता. तेरावी पायरी! सोनं! मिस्टर लालबुंद झाला, पण सिमेंट वाळलं होतं आणि उद्घाटन तीन दिवसांवर आलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी गव्हर्नरसाहेबांकडे हसून बघत मिस्टर वर आला आणि त्या पायरीला अडखळून त्यांच्या पत्नीच्या अंगावर पडला. पहिला परका तो.

ही झाली सेवेरिनोच्या घराण्याची गोष्ट. गावाची गोष्ट वेगळी. गाव म्हणतं, कसलं सोनं आणि कसलं काय, सेवेरिनोचं माप चुकलं, व्हरांडा चार बोटं खाली आला, त्याने थर चोपडून झाकलं आणि वर सोन्याची कहाणी रचली. तेव्हापासून त्या घराण्याला नाव पडलं, चारबोटे. मुलगा चारबोटे, सून चारबोटे, आणि नातू तर पोस्टातच नोकरीला लागला, म्हणजे रोज त्याच पायरीवरून जायचं आणि रोज चार जणांकडून ऐकून घ्यायचं.

तो नातू म्हणजे नोंग सान्तो; नोंग म्हणजे आमच्याकडचं दादा. पूर्ण नाव क्रिसान्तो, वय शहात्तर, आमचा पोस्टमन. तारा वाटायचा तोही हाच. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून त्या वरच्या पायरीवर येऊन बसतो, पेपर उलगडतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "पाय बघून" म्हणतो. आणि मी रोज त्याला छळते. "काय नोंग, आजोबांनी आज किती मोजल्या?" मग तो पेपरमागून म्हणतो, "इंदाय, तुला जीभ देताना देवाचंही माप चुकलं." इंदाय म्हणजे पोरी. असं आमचं चाळीस वर्षं चाललंय. त्यात कोणाला काही वाईट वाटत नव्हतं.

यंदा मार्चमध्ये मॅनिलाहून आर्किटेक्ट आली. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या सरकारी खात्याची. रोवेना तिओंगसोन नाव, तिशीची पोरगी, पायात बूट, डोक्यावर टोपी, बगलेत नकाशा. तोच, मिस्टरचा! मॅनिलाच्या दप्तरात सापडला म्हणे. तिचा नियम एकच: नकाशात आहे ते राहील, नकाशात नाही ते जाईल. पहिल्याच आठवड्यात तिने सायकलींची पत्र्याची शेड काढली, आमच्या कँटीनची पडवी काढली, आणि दारावर एका जुन्या महापौराने फरशीच्या तुकड्यांत स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं तेही छिन्नीने उडवलं. त्या शेवटच्या कामाला गाव टाळ्या वाजवायला जमलं होतं. मला ती आवडली असती, पण मेलीने मला लोला म्हटलं. आजी! मी म्हटलं, "आर्किटेक्ट मॅडम, तुमच्या नकाशात मी नसेन, तरी मला काढू नका."

मग ती पायऱ्या मोजायला लागली. एका हातात वही, तळापासून एकेक पायरी चढत, मोठ्याने. "एक. दोन. तीन." खाली नेनिता, केळी खाणारी चार माणसं, रिक्षावाले, मी, आणि वर पेपर मांडीवर ठेवून नोंग सान्तो. आमच्याकडे कोणी पायऱ्या मोजायला लागलं की ओठ गप्प राहत नाहीत. ती एक म्हणाली की आम्ही सोनं, ती दोन म्हणाली की चांदी. आधी पुटपुटत, मग चांगलं कोरसमध्ये. आर्किटेक्टला मजा वाटली असावी, ती हसत चढत होती. शेवटची चार बोटांची पायरी चढली, ठेचकाळली, सावरली आणि म्हणाली, "बारा. नकाशाप्रमाणे. वरची जरा बुटकी झालीय, असू दे."

आणि खाली आमच्या तोंडात उरलं होतं, "मरण."

येशू-मारिया-योसेफ! आणि सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? मीच. "अगं बाई! नोंग, तुझ्या आजोबाने ही जास्तीची पायरी आम्हाला मारायला घातली की काय?" मग जो हशा उठला, काही विचारू नका. रिक्षावाला म्हणाला, मिस्टर तरी अकरावर, चांदीवर थांबत होता, सेवेरिनोने ओढून मरणापर्यंत आणलं!

सान्तो उभा राहिला. "तेरा आहेत," तो म्हणाला. "तेराच होत्या. मी लहानपणापासून…"

"मग एक कोणी चोरून नेली का?" नेनिता म्हणाली.

तो खाली उतरला, मोजत वर गेला, पुन्हा उतरला, पुन्हा वर गेला. तिसऱ्या वेळी मोजताना त्याचा आवाज येईनासा झाला. मग त्याने पेपरची घडी केली आणि कोणाकडे न बघता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी वरची पायरी रिकामी. तिसऱ्या दिवशीही. गावाला आठवडाभर पुरेल इतका विषय मिळाला होता. मला मात्र घास उतरेना. कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी मी कधी कोणाला सांगितली नव्हती आणि तुम्हालाही इतक्यात सांगणार नाही. पायऱ्या तेरा होत्या. मी एकदा मोजल्या होत्या. केव्हा आणि का, ते पुढे. आणि हे माहीत असून मी सगळ्यांच्या आधी खिदळले होते! सवयीने, दुसरं काय. लाज वाटली मला स्वतःची.

चौथ्या दिवशी बहिणीच्या मुलीला वाढदिवसाचं कार्ड टाकायला गेले. जिन्याच्या डाव्या अंगाला, रस्त्याला लागूनच, भिंतीत लोखंडी पत्रपेटी बसवलेली आहे. इमारतीच्या वेळचीच. कार्ड टाकलं आणि हात तिथेच राहिला. नोकरीला लागले तेव्हा त्या पेटीचं तोंड माझ्या हनुवटीला लागायचं. तेव्हाचे पोस्टमास्तर म्हणायचे, "पुरिंग, पेटीत डोकावू नकोस, शिक्का बसेल." आणि आता ते तोंड माझ्या छातीशी होतं. वयाबरोबर माणूस खुजा होतो. मी काय अडुसष्टाव्या वर्षी वाढायला लागले? पेटी भिंतीतून खाली उतरली नव्हती. मी वाढले नव्हते. म्हणजे माझ्या पायांखालचा रस्ता वर आला होता!

तशीच सान्तोच्या घरी गेले. तो जमिनीवर बसून पेटी भरत होता. इस्त्रीचे शर्ट घड्या घालून एकावर एक.

"कुठे निघालास?"

"दावाओला. लुसिंगकडे." लुसिंग म्हणजे त्याची मुलगी, दोन वर्षं त्याला बोलावत होती आणि दोन वर्षं तो नाही म्हणत होता. "ती म्हणते, मला हल्ली आठवत नाही, ते खरं असेल, इंदाय. ज्या पायऱ्या चाळीस वर्षं रोज चढलो त्या माझ्या डोक्यात तेरा आहेत आणि जमिनीवर बारा. उद्या घराचा रस्ता विसरेन. आणि आजोबा… गाव म्हणतं तेच खरं असेल. त्यांनी चूक झाकली असेल आणि आम्हाला गोष्ट सांगितली असेल."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे," मी म्हटलं. "पहिल्यांदाच म्हणतेय, लक्षात ठेव, पुन्हा म्हणायची नाही. पायरी चोरीला गेलेली नाही. ती रस्त्याखाली आहे." आणि पत्रपेटीची, हनुवटीची, छातीची सगळी हकिगत सांगितली.

तो शर्ट तसेच टाकून उठला आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

"थांब!" मी म्हटलं. "आधी ऐक. ती बया काय म्हणाली? नकाशात नाही ते जाईल. आज तिच्या वहीत बारा आहेत, म्हणून तुझी पायरी सुखरूप आहे. तू खालची उकरलीस की तेरा होतील. मग ती कोणती काढेल? चार बोटांचीच काढेल ना?"

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पहार हातात धरून तो उभा राहिला. मला वाटलं, आता ठेवेल खाली.

"काढू दे," तो म्हणाला.

"काय?"

"पायरी गेली तर गेली. माझ्या आजोबाला मोजता येत होतं एवढं गावाला कळू दे. पायरी ठेवून त्यांना वेडं ठरवण्यापेक्षा ते बरं."

"मुळीच नाही! त्या पायरीला हात लावायचा नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारची कोंबडी उडाली.

"तुला काय त्या पायरीचं? जन्मभर तिची टिंगल केलीस."

याला उत्तर होतं, पण ते तोंडातून बाहेर येईना. म्हणून मी नेहमीसारखं म्हटलं, "टिंगल करायला तरी नको का काही शिल्लक?" तो पहार खांद्यावर टाकून निघाला. काय करते, छत्री उघडून मीही मागोमाग गेले. डोक्यावर टोपी नव्हती मेल्याच्या.

दुपारचे साडेबारा. आमच्याकडे या वेळी सिटी हॉलला कुलूप असतं आणि कुत्रीसुद्धा झोपतात. पायऱ्यांच्या तळाशी सान्तोने पहार घातली आणि मी त्याच्यावर छत्री धरून उभी राहिले. शहात्तर वर्षांचा माणूस, पण पोस्टमनचे दंड ते. आधी डांबराचा एक थर निघाला. त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीच्या आधी पोस्टासमोरचा रस्ता नवा होतो. जुना उकरायची मात्र कोणाला फुरसत नसते. एका महापौरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे बसले होते. तिसऱ्या थराखाली पहार ठण्ण वाजली.

"हळू!" मी म्हटलं.

"मला शिकवू नकोस."

हातांनी माती सारली. पायरी होती. वरच्या बाकीच्या पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्यात, हिची कड मात्र जवळपास नवी, कालच गिलावा केल्यासारखी. सान्तो गुडघ्यांवर बसून तिच्यावरून हात फिरवत राहिला.

पहारीच्या आवाजाने गाव जागं झालंच होतं. नेनिता आली, रिक्षावाले आले, दुरुस्तीच्या कामावरचे गवंडी आणि त्यांचा मिस्त्री पानफिलो अर्धा घास तोंडात घेऊन आले. कोणाला सांगावं लागलं नाही, नेनितानेच सुरुवात केली. उकरलेल्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "सोनं." मग सगळेच. चांदी, मरण, सोनं, चांदी… बाराव्या पायरीला मरण आलं आणि वरच्या चार बोटांवर नेनिताने दोन्ही पाय एकदम आपटले. "सोनं!"

जो गलका झाला तो उद्घाटनालाही झाला नसेल. रिक्षावाल्याने सान्तोला उचललंच. "नोंग, तुझा आजोबा खरा होता!" सान्तो हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. मी म्हटलं, आता कोणी त्या आर्किटेक्टला आठवडाभर कुठेतरी कोंडून ठेवा. पण ती आलीच. हातात जेवणाचा डबा, बगलेत नकाशा. तिने खड्डा बघितला. वाकून खालची पायरी तपासली, पट्टीने मापली, वर जाऊन चार बोटं मापली आणि नकाशा उलगडला.

"खालच्या बारा नकाशातल्या," ती म्हणाली. तिलाही बरं वाटत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणजे वरचा थर नकाशाबाहेरचा. तो काढावा लागेल. नियम आहे, मी महापौराच्या नावालाही सोडलं नाही."

पानफिलो मिस्त्रीने हातातला हातोडा खाली ठेवला. फेकला नाही, नीट ठेवला. "बारावर थांबणारा जिना माझ्या हातून व्हायचा नाही, आर्किटेक्ट. मला घरदार आहे."

"मग मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल."

"बघा. या बेटावर एक जरी सापडला तरी मला बोलवा, मला त्याचं तोंड बघायचंय."

लोक हसले, ती हसली नाही. तिने नकाशा पायरीवर ठेवला आणि शेजारी बसली. "मी तुमच्या विरुद्ध नाहीये. पण 'लोक असं मानतात' एवढ्यावर मला वरचे सोडणार नाहीत. मला लिहायला काहीतरी हवं. ही पायरी या इमारतीच्या आयुष्याचा भाग होती, तिचा काही उपयोग झाला, असं जिवंत माणसाने सांगितलेलं. नव्वद वर्षांत परके पाडण्याशिवाय काय केलं या चार बोटांनी?"

सगळे सान्तोकडे बघायला लागले. सान्तो आजोबांची गोष्ट सांगू लागला. ती म्हणाली, ही ऐकीव झाली. मी छत्री मिटली.

"मी सांगते," मी म्हटलं. "लिहा. पंच्याऐंशी साल, सप्टेंबर, दुपारचे दोन."

तिने वही उघडली. "तारेची खोली माझ्या खिडकीच्या समोर होती. उकाडा म्हणून दार उघडं. मी कोणाला तरी तिकिटं फाडून देत होते. तारवाल्याने कागद फाडला, या सान्तोच्या हातात दिला, आणि दोघांनी माझ्याकडे बघितलं. आणि लगेच दुसरीकडे बघितलं. माझा नवरा डेल्फिन बोटीवर नोकरीला होता, जपानच्या बाजूला. त्या खोलीपासून माझ्या खिडकीपर्यंत पाच पावलं होती. पाच! सान्तोने ती टाकली नाहीत. त्याने टोपी घातली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मी म्हटलं, चला, माझी नाही. बाहेर कोणाची तरी आहे. मग बाजूच्या खिडकीतून टोपी जाताना दिसली, पुढच्या दिशेला. मग बूट वाजले, पायऱ्यांवर. मोजायचं नाही म्हणून मी ओठ दाताखाली धरले, तरी मोजत होते. सोनं, चांदी, मरण. सोनं, चांदी, मरण. अगदी हळू चढत होता. बाराव्याला मरण आलं, आणि मला वाटलं, संपलं. आणि मग आणखी एक वाजली. तेरावी. हा, सेवेरिनोचा सख्खा नातू, जन्मात कधी ठेचकाळला नसेल, त्या दिवशी त्या पायरीला ठेचकाळला. मग आत येऊन, सगळ्यांची तार देतात तशी, टोपी काढून, माझ्या खिडकीतून मला दिली."

नेनिताच्या कढईतली केळी करपत होती.

"तर उपयोग काय झाला विचारता ना, आर्किटेक्ट? पाच पावलांत मला ती तार मिळाली असती. त्याऐवजी हा अख्ख्या इमारतीला वळसा घालून तेरा पायऱ्या चढला. त्या तेरा पायऱ्या चढेपर्यंत माझा डेल्फिन जिवंत होता. असं लिहा."

आर्किटेक्टने वहीत मान घातली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मग नकाशा गुडघ्यावर ओढला, बाराच्या आकड्याच्या बाजूला पेन्सिलीने तेरा लिहिलं, तारीख घातली, आणि मला सही करायला सांगितलं. "साक्षीदार म्हणून, लोला," ती म्हणाली. या वेळी मी ऐकून घेतलं. पानफिलोने हातोडा उचलला आणि न विचारता खालच्या पायरीभोवतीचं डांबर तोडायला लागला.

सान्तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तू मला जाताना बघितलं होतंस?"

"मी काय आंधळी होते?"

"मला वाटलं, कुणाचीही तार पुढच्या दारातून येते, तुझी आतल्या आत कशी सरकवायची. आणि वाटलं, आजोबांच्या सोन्यावरून आणली तर…"

"तर काय?"

"तर काही नाही. बातमी तीच होती." आणि मग तो एकदम चिडला. "म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं! पायऱ्या तेरा आहेत, आजोबा बरोबर होते, सगळं माहीत होतं! मग चाळीस वर्षं मला चारबोटे, चारबोटे म्हणून छळलंस कशाला?"

"थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं," मी म्हटलं. "मग उशीर झाला. मग लाज वाटायला लागली. काहीतरी बोलायला हवं होतं ना रोज."

त्याने हात पुढे केला. मी धरला, आणि आम्ही उकरलेल्या पायरीपासून चढायला लागलो, मधोमध, लग्नातल्यासारखे, अख्खं गाव बघतंय. मोजत कोणीच नव्हतं. बारा पायऱ्या नीट चढले. पण डोळे भरले की पायाखालचं दिसत नाही, आणि वरच्या चार बोटांना मी अशी ठेचकाळले की सान्तोने धरलं नसतं तर कोंबड्याखाली आडवी झाले असते.

"परकी बाई आली गं!" खालून नेनिता ओरडली. आणि सान्तो, मेला, पोट धरून हसायला लागला.